खांब आधी की लाद्या

रस्त्यात पत्रे लागले, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी बाबांना कळलं. आणि बाबांना दिसत नाही.

मी ऑफिसच्या घाईत होते. केसांना क्लिप लावत गॅलरीत आले, तर बाबा चहाचा कप मांडीवर धरून, कान रस्त्याकडे करून बसलेले. म्हणाले, "रस्तो भैरो झालो गो."

"म्हणजे?"

"समोरचो आवाज येणा नाय. बसचो नाय, रिक्षांचो नाय. अर्धो रस्तो खय गेलो?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, माणसापेक्षा उंच पत्र्यांच्या दोन रांगा उभ्या होत्या, पार सिग्नलपर्यंत. मेट्रो येणार, मेट्रो येणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं. आता ती आलीच होती, आणि तीही आमच्या दाराशी. नुसते खांब नाहीत, स्टेशनच आमच्यासमोर होणार होतं.

आम्ही राहतो ते नाहूर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, मुलुंडकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून, तिसऱ्या मजल्यावर. बाबा मूळचे कुडाळकडचे. कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा काचबिंदू सापडला. डावा डोळा तोवर गेलेलाच होता. त्यांना ते ठाऊक होतं, पण आईच्या आजारपणात आपलं कशाला, म्हणून बोलले नव्हते. उजव्या डोळ्यानं आणखी चारेक वर्षं साथ दिली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. मी लग्न केलं नाही. त्याला खास कारण नाही, राहून गेलं. घाटकोपरला एका विमा ऑफिसात आहे. म्हणजे घरात आम्ही दोघंच.

नजर जाता जाता बाबांनी एक काम करून ठेवलं होतं. त्यांनी रस्ता पाठ केला होता. गेटमधून बाहेर पडून डावीकडे. बावीस पावलांवर गटाराचं हलणारं झाकण. मग मेडिकलचं दुकान, तिथं पायांवर एसीची गार हवा येते. मग पिठाची गिरणी. मग फुलवाली, तिच्याकडून शेवंतीचा वास आला की आणखी तीस पावलं, आणि दोन पायऱ्या चढून सलून. सलूनवाला चिपळूणचा. गिऱ्हाईक नसलं की तो पेपर मोठ्यानं वाचायचा. बाबा आणि आणखी एकदोन म्हातारे तिथं बसून त्यावर वाद घालायचे. अकराला बाबा परत. हे सगळं एकट्यानं, पांढरी काठी घेऊन. मी ऑफिसात असताना साडेअकराला फोन करायचे, "आलात?" आणि ते म्हणायचे, "इलंय." एवढंच आमचं बोलणं.

पहिलं वर्षभर पत्रे रस्त्याच्या मध्येच होते, त्यामुळे धूळ आणि आवाज सोडला तर काही बिघडलं नाही. मग स्टेशनचा जिना आमच्या बाजूच्या फुटपाथवर उतरणार, असं निघालं. एका आठवड्यात पत्रे फुटपाथवर आले. गटाराचं झाकण, मेडिकलसमोरचा कट्टा, फुलवालीची जागा, सगळं पत्र्यांच्या आत गेलं. फुलवाली कुठं गेली, आम्हाला कळलंही नाही. चालणाऱ्यांसाठी पत्र्यांच्या कडेनं जेमतेम एका माणसाची वाट ठेवली होती, आणि त्या वाटेवरून बाईकवालेसुद्धा जायचे. मध्येच एक मोठं गेट, तिथून डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर आत-बाहेर करायचे.

मी त्याच दिवशी बाबांना सांगून टाकलं, "आता बाहेर जायचं नाही. काम संपेपर्यंत तरी नाही."

"काम कधी संपतला?"

"मला काय माहीत? दोन वर्षं, तीन वर्षं."

 त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी काठी घडी करून दारामागच्या खुंटीला अडकवली आणि गॅलरीत जाऊन बसले.

मग ते तिथंच बसू लागले. सकाळी आठ ते एक, आणि पुन्हा चार ते सात. मी घरी आले की विचारायचे, "आज त्येंनी काय केल्यानी?" मी दमलेली असायचे. म्हणायचे, "खड्डा आहे, बाबा. काल होता तोच खड्डा." आता आठवलं की वाटतं, जो माणूस दिवसभर एका जागी बसून फक्त ऐकतोय, त्याला मी दिवसातून एकदा डोळे उसने द्यायचे, आणि तेही कंटाळत. पण तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. मला वाटायचं, मी त्यांना जपतेय. ते सुरक्षित आहेत, जेवण झाकून ठेवलेलं आहे, रेडिओ आहे, फोन आहे. आणखी काय पाहिजे?

चार-पाच महिने असे गेले. बाबांचं जेवण कमी झालं. दाढी करायला सांगावं लागायला लागलं. सलूनवाला एकदा घरी येऊन केस कापून गेला, पण त्याला दुकान सोडून पेपर वाचायला बसणं थोडंच जमणार होतं.

एका बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास मला ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, मागे मशीनची घरघर.

"मॅडम, तुमचे पप्पा इकडे साईटवर आहेत. मेट्रोच्या. घाबरू नका, ठीक आहेत. त्यांच्या खिशात चिठ्ठी होती, त्याच्यावर तुमचा नंबर."

ती चिठ्ठी मीच त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशात घालून ठेवली होती.

मी रिक्षानं निघाले. घाटकोपर ते नाहूर, त्या खोदलेल्या रस्त्यावरून, एक तास. तेवढ्या वेळात मी मनात बाबांचं काय काय करून ठेवलं ते सांगत नाही. पोहोचले तर ते साईटच्या कंटेनर ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. डोक्यावर पिवळं हेल्मेट. हातात कागदी कपातला चहा. पायांना घोट्यापर्यंत ओला चिखल. बाजूला साईटची इंजिनीअर मुलगी उभी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. आणि दारात केशरी जाकीट घातलेली, गळ्यात शिट्टी आणि हातात लाल-हिरवे झेंडे असलेली एक बाई. गेटवर गाड्या थांबवणारी मार्शल. मला फोन करणारी तीच.

काय झालं ते तिनं सांगितलं. मिक्सर आत यायचा होता म्हणून गेट उघडलेलं. ती रस्त्यावरच्या गाड्या थांबवत होती. वळून पाहते तर काठीवाला म्हातारा सरळ गेटमधून आत चाललेला. ती धावली. जिन्याच्या पायाचा खड्डा होता, त्याच्या दोन पावलं अलीकडे तिनं त्यांचा दंड पकडला.

दोन पावलं! मी तेवढंच ऐकलं.

"गेट उघडं कसं ठेवता तुम्ही?" मी ओरडले. "लक्ष कुठं असतं? पडले असते म्हणजे? आंधळा माणूस दिसत नाही तुम्हाला?"

"मॅडम, मी गाडी..."

"काय गाडी? तुमचं काम काय आहे इथं? नुसते झेंडे हलवायचे?"

इंजिनीअर मध्ये पडून काहीतरी म्हणाली.  मार्शल बाईचा चेहरा माझ्या चांगला लक्षात आहे. माझ्याच वयाची, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू. ती माझ्याकडे बघत होती आणि मग खाली बघायला लागली. बाबा हेल्मेट काढून मांडीवर घेऊन बसले होते. 

घरी येऊन मी त्यांचे पाय धुतले. तेव्हा ते बोलले.

"तिका कित्याक बोललंस?"

"बाबा, तुम्ही खड्ड्यात..."

"तिना हात धरल्यान म्हणान मी हय बसलंय. आणि तू तिकाच बोललंस."

 मी उलटं विचारलं, "आणि तुम्ही का गेलात? सलूनला जायचं होतं तर मला सांगायचंत. रविवारी नेलं असतं."

"सलूनात जावचा नाय होता. मी साईटवरच गेल्लंय."

मला वाटलं, ते चूक झाकतायत. पण ते सांगू लागले. खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप होता. आठ दिवस त्याचा आवाज बदलला होता. आधी एकसारखा चालायचा, आता मध्येच कण्हल्यासारखा करत होता. बेअरिंग गेलेलं. असं चाललं तर एक दिवस शाफ्ट धरून बसेल आणि पंप बंद पडेल. आठ दिवस ते ऐकत होते आणि कुणी बघत नव्हतं. शेवटी त्यांना बसवेना. ते सांगायला गेले.

"फोन करायचात मला."

"तुका काय सांगू? खड्डो आसा, कालचोच खड्डो." त्यांनी माझ्याच आवाजात म्हटलं. मग टॉवेलनं स्वतःच पाय पुसू लागले.

मी त्या बाईची माफी मागायला गेले ती तीन दिवसांनी. शनिवार होता, मला सुट्टी होती. तीन दिवस का लागले, तर लाज वाटत होती, आणि त्याहून खरं म्हणजे मी रोज ऑफिसला जाताना तिच्या गेटवरूनच जात होते आणि रोज दुसरीकडे बघत होते. शनिवारी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. आपण माफीबरोबर काहीतरी घेऊन जातो, म्हणजे हात रिकामे नसतात.

ती म्हणाली, "ठीक आहे ना, मॅडम. टेन्शनमध्ये माणूस ओरडतो. माझा बाप असता तर मी पण ओरडले असते." मग चहा पिता पिता, सरळ माझ्याकडे बघून, "पण एक बोलू? काकांना कोंडून ठेवू नका. ते त्या दिवशी इथं बसले ना तासभर, काय मस्त बोलत होते. इंजिनीअर मॅडमला मशीनचं शिकवत होते. आणि तुम्ही आलात तर एकदम चूप. लहान पोरासारखे."

मला राग आला. कोण ही, दोन दिवसांची ओळख? पण तो राग थर्मासचं झाकण लावेपर्यंतच टिकला. ती मानखुर्दहून यायची, सातला ड्युटी सुरू, तीनला सुटायची. तिनंच सुचवलं. "सकाळी नऊला मी इथंच असते. काकांना येऊ द्या. गेटपर्यंत ते पत्र्याला काठी लावून येतील. गेट मी पार करून देते. पुढं परत पत्रा, मग ती पिठाची गिरणी. आहे काय त्याच्यात?"

मी हो म्हणाले नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं मात्र. ते उठले आणि दारामागची काठी काढली.

पहिले चार दिवस मी त्यांच्यामागून चालले, ऑफिसला उशीर करून. मला वाटत होतं, त्यांना हे कळलेलं नाही. पत्र्यावर काठीचं टोक घासत ते चालायचे आणि पत्रा खरखर वाजायचा. आतून खांबाचा आधार असला की आवाज बसका, नसला की पोकळ. ते त्याच्यावर नवा नकाशा बांधत होते. गेट आलं की पत्रा संपायचा. तिथं ते थांबायचे. मार्शल बाई गाडी थांबवून दोन वेळा छोटी शिट्टी वाजवायची, ती वाजली की बाबा चालायला लागायचे, ताठ, हात न धरता. मिक्सरचा ड्रायव्हर वर बसून बिडी ओढत बघत असायचा. पाचव्या दिवशी गेटपाशी थांबून बाबा मागे न वळताच म्हणाले, "आता ऑफिसात जा गो. रोज उशीर करतंस." चपलांच्या आवाजावरून त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पंपाचं राहिलंच. इंजिनीअर मुलीनं तो खोलून बघितला होता. एक दिवस बाबा गेटवरून जाताना तिनं सांगितलं, "काका, बेअरिंग नव्हतं. कपलिंगचं रबर गेलेलं." बाबा घरी येऊन मला हे सांगताना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "म्हातारो झालंय गो मी. कपलिंग!" आपण चुकलो याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणीतरी खोलून बघितलं होतं, एवढं त्यांना पुरलं होतं.

त्यानंतर स्टेशन वर चढत गेलं. खांब झाले, खांबांवर आडवे हात आले. एका रविवारी क्रेननं गर्डर चढवले आणि आमच्या गॅलरीत दुपारी येणारं ऊन कायमचं गेलं. सोसायटीत मीटिंगा झाल्या, अर्ज झाले. माझीही एका अर्जावर सही आहे. प्लॅटफॉर्म बरोबर आमच्या मजल्याच्या उंचीला आला. उद्या तिथं उभं राहून कुणीही आमच्या हॉलमध्ये काय चाललंय ते बघू शकेल. मी जाड पडदे शिवून घेतले. बाबा म्हणाले, "माझा काय अडतला? माका कोण बघता तां माका दिसणा नाय."

मी आता त्यांना रोज सांगायला लागले होते. आज छपराचे सांगाडे आले. आज जिन्याला रेलिंग. आज लिफ्टच्या काचा. सांगायचं म्हणून बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर मला दिसायला लागलं. उन्हात पंधरा मीटर उंचावर बसून वेल्डिंग करणारी माणसं दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खातात. त्यातला एक जण रोज कबुतरांना भाकरीचा तुकडा टाकतो. मी ज्या जागेला खड्डा म्हणत होते तिथं हे सगळं चालू होतं.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, इंजिनीअर मुलगी घरी आली. तिची बदली दुसऱ्या साईटवर होणार होती. म्हणाली, "काका, जायच्या आधी तुम्हाला स्टेशन दाखवते. परवानगी काढलीय. काम जवळपास झालंय, फिनिशिंग चालू आहे."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. बाबांना हेल्मेट, केशरी जाकीट, मलाही. मार्शल बाई ड्युटीवर नव्हती, पण मानखुर्दहून खास आली होती, साडी नेसून. लिफ्ट चालू झाली नव्हती म्हणून आम्ही जिन्यानं चढलो. बाबा एका हातानं रेलिंग धरून पायऱ्या मोजत होते. वर मोठा हॉल. नवीन रंगाचा आणि सिमेंटचा वास. आमचे आवाज घुमत होते.

"काका, पायाखाली बघा," इंजिनीअर म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "पिवळ्या लाद्या आहेत. उभ्या रेषांवरून सरळ चालायचं. गोल ठिपके लागले की थांबायचं किंवा वळायचं. जिन्यापासून तिकीट खिडकी, गेट, लिफ्ट, सगळीकडे नेतात. तुमच्यासाठीच."

बाबांनी चप्पल काढली. अनवाणी पायानं लादी चाचपली, पुढं, मागं, आडवी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार वर्षांत बघितलं नव्हतं. नवीन मशीन आल्यावर ते असेच दिसत असतील.

ते निघाले. मी सवयीनं त्यांचं कोपर धरलं.

"सोड," ते म्हणाले.

मी सोडलं नाही लगेच. माझी बोटं तिथं होती आणि ती उघडत नव्हती. मार्शल बाईनं माझ्याकडे बघून मान हलवली, नुसती. मी हात काढला.

ते चालत गेले. काठी हातात होती, पण ते पायांनीच वाचत होते. दहा पावलं, पंधरा, वीस. मला वाटलं, झालं, आता ते कुठंही जातील. आणि मग काठी ठक्कन वाजली. ते थांबले. हात पुढं केला. समोर खांब होता. पिवळी पट्टी सरळ खांबाच्या पोटात जाऊन, पलीकडून पुन्हा निघत होती. थांबा म्हणून सांगणारे ठिपके कुठंच नव्हते.

बाबांनी खांबाला दोन्ही हात लावून त्याचा घेर बघितला. मग वळून विचारलं, "हो खांब आधी इलो, की लाद्यो?"

मार्शल बाई फसकन हसली. इंजिनीअर हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "खांब आधी, काका," ती म्हणाली.

"मगे लाद्यो बसवणाऱ्याक खांब दिसलो नाय? त्येका तरी डोळे आसत मां?"

तिनं मोबाईलमध्ये फोटो काढले. मग आम्ही सगळं स्टेशन फिरलो, आणि आता ते फिरणं राहिलं नाही, तपासणी झाली. लिफ्टपाशी आणखी एक चूक निघाली. जिथं वळायचं तिथं ठिपके हवे होते, तिथंही रेषाच होत्या, सरळ भिंतीकडे नेणाऱ्या. बाबा एकेका जागी थांबून सांगत होते आणि ती लिहून घेत होती. दोन तास गेले. बाबांचे अनवाणी तळवे सिमेंटच्या धुळीनं पांढरे झाले होते.

पुढच्या आठवड्यात तिनं बाबांना पुन्हा बोलावलं. या वेळी तिचे वरचे साहेब आले होते. ते चिडलेले वाटत होते. ड्रॉइंग पास झालेलं, लाद्या बसलेल्या, आता फोडायच्या म्हणजे सगळं परत. ते बाबांना म्हणाले, अगदी उद्धटपणे नव्हे, खरंच प्रश्न पडल्यासारखं, "आजोबा, तुमच्यासारखे असे कितीजण येणार आहेत या स्टेशनवर?"

मी काहीतरी बोलणार होते. पण बाबा शांतपणे म्हणाले, "माका काय म्हायत? वाट नाय तर येतले कशे? तू वाट कर, मगे मोज."

साहेबांना मालवणी कितपत कळलं, मला माहीत नाही. ते खांबाजवळ जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, चार पावलं टाकली आणि डोळे उघडले. मग खाली गेले.

इंजिनीअर मुलगी महिन्याभरात गेली. जाताना बाबांच्या पाया पडली. बाबांनी तिला सांगितलं, नवीन साईटवर मशीनचा आवाज ऐकत जा, कागद नंतर बघ. तिनं नंतर फोनवर कळवलं, खांबाजवळच्या लाद्या काढून वळवल्या, ठिपके बसवले. लिफ्टजवळचं राहिलं. त्यासाठी वेगळी मंजुरी लागते म्हणे. बाबा म्हणाले, "एक झाला तां झाला." मला मात्र ते लिफ्टजवळचं अजून खुपतं. चाचणीच्या गाड्या आता आमच्या हॉलसमोरून रिकाम्या धावतात, उघडणार उघडणार असं चाललंय, आणि त्या भिंतीकडे नेणाऱ्या रेषा तशाच असतील.

परवा खालचे पत्रे निघाले. मार्शल बाईची ड्युटीही संपली. तिला आता पवईकडे पाठवलंय. जायच्या आदल्या दिवशी ती चहाला आली होती. बाबा आणि ती एकाच वेळी बोलत होते, मला मध्ये शिरायला जागा नव्हती.

पत्रे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुटपाथ पहिल्यांदाच उघडा, रुंद, नव्या फरशीचा. पत्रा नाही, गेट नाही, शिट्टी नाही. बाबांना पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं. ते नऊला निघाले. मी उशिरा निघायचं ठरवून गॅलरीत उभी होते. ते बिल्डिंगच्या गेटमधून डावीकडे वळले आणि बऱ्यापैकी सरळ चालले. मग स्टेशनच्या जिन्याच्या कोपऱ्यापाशी त्यांचा अंदाज चुकला आणि ते रस्त्याच्या कडेला आले. थांबले. काठीनं कडा चाचपली. मागे आले. पुन्हा पुढं गेले, पुन्हा तिथंच. शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी थांबली, तिनं काहीतरी विचारलं. बाबांनी मान हलवली, हातानं दिशा विचारली, तिनं सांगितली. तिनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला, तो त्यांना दिसला नाही, किंवा त्यांनी घेतला नाही. ते एकटेच निघाले आणि जिन्याच्या मागे दिसेनासे झाले.

मी दारापाशी आले होते, हात चपलेकडे गेला होता. मी खाली गेले नाही. आंघोळीचं पाणी तापलं होतं, गॅस बंद करायचा होता. तो बंद केला आणि ऑफिसची तयारी करायला लागले.